‘बायोडाटा’ ते ‘रेझ्युमे’ : काही उपयुक्त ऑनलाइन साधने

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील ‘युवक व व्यवसाय-मार्गदर्शन’ या सत्रात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी मधुमेह आणि रक्तदाब या विषयांवर बोलत आलो आहे. गेल्या वर्षी भोजनापूर्वी साखरेचे दुष्परिणाम सांगितल्यामुळे श्रीखंड शिल्लक राहिले, अशी तक्रार भोजन समितीने केल्याचे माझ्या कानावर आहे. त्यामुळे की काय, यंदा युवक शाखेने मला निराळाच विषय दिला : उत्तम रेझ्युमे लिहिण्यासाठी आंतरजालावर उपलब्ध असलेली साधने. एका डॉक्टरचा या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी ज्या रुग्णालयात काम करतो, तेथील रेसिडेन्सीच्या निवड समितीवर मी गेली अनेक वर्षे आहे. सप्टेंबरअखेर अर्ज उघडले की पुढचे दोन महिने रोज रात्री जेवणानंतर मी परक्यांची आयुष्ये कागदावर वाचत असतो. चांगला माणूस वाईट कागदामुळे कसा मागे पडतो, हे मी जवळून पाहिले आहे. आणि एके काळी तो मागे पडलेला माणूस मी स्वतःच होतो.

१९९५ सालची गोष्ट. औरंगाबादेत कचेरीसमोर टपरी टाकून बसणाऱ्या एका टंकलेखकाकडे मी माझा पहिला ‘बायोडाटा’ करून घेतला. त्याच्याजवळ तयार नमुना होता. संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची, कायमचा पत्ता, आणि मग शिक्षण. जातीच्या रकान्याशी त्याची बोटे थांबली. ‘‘टाकायची का साहेब? सगळे टाकतात,’’ तो म्हणाला. मी म्हटले, टाका. माझे शिक्षण शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहात झाले होते. तो रकाना भरल्याशिवाय आयुष्यात एकही अर्ज पूर्ण झाला नव्हता. अर्जावर जात लिहायची नाही, अशी एखादी जागा पृथ्वीच्या पाठीवर असू शकते, ही कल्पनाच मला नव्हती.

त्याची एक प्रत मी अमेरिकेत आधी पोहोचलेल्या एका ज्येष्ठ मित्राला पाठविली. महिन्याभराने ती परत आली. त्यांनी लाल शाईने जवळजवळ सर्व मजकूर खोडला होता. पित्याचे नाव, धर्म, जात, जन्मतारीख, विवाह, उंची, छायाचित्र, सारे बाद. उरल्या होत्या चार ओळी. खाली त्यांनी लिहिले होते : ‘‘हे सगळे तू कोण आहेस ते सांगते. तू काय केलेस ते कुठे आहे?’’ त्या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागली नाही.

बंधूंनो, या प्रश्नाशी आपल्या समाजाचा एक विशेष संबंध आहे, असे मला नम्रपणे वाटते. बाबासाहेबांच्या नावापुढील पदव्या आपण लहानपणी बाराखडीसारख्या पाठ केल्या : एम.ए., पीएच.डी., एम.एससी., डी.एससी., बार-अ‍ॅट-लॉ. आपल्या वस्तीत कोणी पदवीधर झाला की दारावरच्या पाटीवर नावापेक्षा पदवीचे अक्षर मोठे असे. त्यात काही गैर नव्हते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्यांनी पाटीवर अक्षरे रंगविली. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की आपले रेझ्युमे पदव्यांनी भरलेले आणि कामाच्या बाबतीत रिकामे असतात. पदव्यांपलीकडे केलेले काम आपल्याला सांगण्याजोगे वाटतच नाही. येथला वाचक मात्र नेमके तेच शोधत असतो.

रेझ्युमे म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांना माझ्याच व्यवसायातल्या भाषेत सांगतो. रुग्णाला घरी सोडताना आम्ही ‘डिस्चार्ज समरी’ लिहितो. ती रुग्णाचे चरित्र नसते. पुढच्या डॉक्टरजवळ वेळ कमी असतो आणि त्याला निर्णय घ्यायचा असतो. त्या निर्णयाला आवश्यक तेवढेच, महत्त्वाच्या क्रमाने त्यात असते. रेझ्युमेचेही तसेच आहे. आता साधनांकडे वळतो.

पहिले साधन या देशाच्या श्रम खात्याचे आहे आणि ते संपूर्ण विनामूल्य आहे. त्याचे नाव ‘ओ-नेट ऑनलाइन’. गंमत अशी की ते रेझ्युमे लिहून देत नाही. त्यात नऊशेहून अधिक व्यवसायांचे वर्णन आहे : त्या व्यवसायातला माणूस प्रत्यक्ष दिवसभर काय करतो, कोणती साधने वापरतो, त्याला कोणते ज्ञान आणि कौशल्य लागते, शिक्षण किती हवे, वेतन किती. याचा उपयोग मला एका भगिनीमुळे कळला. त्या आज सभागृहात आहेत. त्यांच्या अनुमतीने, पण नाव न घेता सांगतो.

परभणी जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या सात वर्षे शिक्षिका होत्या. विवाहानंतर पतीबरोबर येथे आल्या आणि एच-४ व्हिसावर अनेक वर्षे घरी राहिल्या. २०१५ पासून काही विशिष्ट एच-४ धारकांना काम करण्याची परवानगी मिळू लागली, त्यात पुढे यथावकाश त्यांचाही क्रमांक लागला. त्या माझ्याकडे रेझ्युमे घेऊन आल्या. एक पान होते. डी.एड., बी.ए., ‘प्रायमरी टीचर, सात वर्षे’, आणि त्याखाली ‘हाउसवाइफ’. बस्स.

मी विचारले, ‘‘ताई, शाळेत तुम्ही नेमके काय करत होता?’’ ‘‘शिकवत होते, डॉक्टरसाहेब.’’ ‘‘आणखी?’’ ‘‘आणखी काही नाही.’’ मग आम्ही संगणकावर ओ-नेट उघडले आणि शाळेतील साहाय्यक शिक्षकाचे पान काढले. एकेक ओळ मी मराठीत वाचू लागलो. मुलांच्या प्रगतीची नोंद ठेवणे. ‘‘ते तर होतेच.’’ पालकांशी संवाद ठेवणे. ‘‘शाळाबाह्य मुलांसाठी मी घरोघर जात होते, ऊसतोडीला गेलेल्यांची मुले परत आणत होते.’’ वेगवेगळ्या पातळीच्या मुलांना एकत्र शिकविणे. ‘‘एका खोलीत दोन इयत्ता होत्या माझ्याकडे.’’ साहित्याचा आणि खर्चाचा हिशेब. ‘‘पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब मीच ठेवायचे, किलो-किलोचा.’’ मतदार याद्या आणि जनगणना तर शिक्षकांच्या पाचवीलाच पुजलेली असते. तासाभरात दोन पाने भरली, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बाई रडू लागल्या. मी घाबरलो; डॉक्टर असलो तरी अशा प्रसंगी माझ्याजवळ औषध नसते. त्या म्हणाल्या, ‘‘एवढं सगळं मी केलं होतं, हे मलाच माहीत नव्हतं.’’

साधनाचा खरा उपयोग येथे आहे. ओ-नेटने त्यांना काही दिले नाही. त्यांच्या कामाला या देशात कोणत्या नावाने ओळखतात, तेवढे सांगितले. ‘घरोघर फिरत होते’ हे येथल्या मुख्याध्यापकाला समजत नाही. ‘कुटुंबांशी संपर्क ठेवून गळती झालेल्या विद्यार्थ्यांना पुन्हा शाळेत आणले’ हे समजते. त्याच खात्याने प्रायोजित केलेले ‘करिअरवनस्टॉप’ नावाचे संकेतस्थळही पाहावे. त्यात रेझ्युमेचे भाग कसे लिहावेत याचे साधे मार्गदर्शन आहे, नमुने आहेत, आणि आपल्या जवळचे सरकारी रोजगार केंद्र कोठे आहे तेही शोधता येते. ज्यांना ओ-नेटची भाषा जड वाटेल त्यांनी ‘माय नेक्स्ट मूव्ह’ हे त्याचे सोपे भावंड उघडावे.

दुसरा मुद्दा रूपाचा. आपली तरुण पिढी ‘कॅनव्हा’सारख्या साधनावर अतिशय देखणे रेझ्युमे तयार करते. दोन स्तंभ, रंगीत पट्टी, कौशल्यासमोर पाच ताऱ्यांपैकी चार तारे. ‘पायथन : चार तारे’ म्हणजे काय, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. एखाद्या शल्यविशारदाने ‘अपेंडिक्स : चार तारे’ असे लिहिले, तर आपण त्याच्याकडे जाल का?

या सौंदर्याची एक अडचण आहे. मोठ्या कंपन्यांत आणि रुग्णालयांत अर्ज प्रथम एका संगणकप्रणालीत जातो. तिला ‘अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम’ म्हणतात. वर्कडे, टॅलिओ, ग्रीनहाउस, आयसिम्स ही त्यांतली काही नावे. ही प्रणाली आपल्या फाइलमधून मजकूर उचलते आणि नाव, शिक्षण, नोकरी असे निरनिराळ्या रकान्यांत टाकते. दोन स्तंभ असतील तर कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळते. चित्राच्या आत लिहिलेली अक्षरे तर तिला अनेकदा दिसतच नाहीत. आपला फोन नंबर पानाच्या शिरोभागी, म्हणजे ‘हेडर’मध्ये असेल तर तोही गळू शकतो. याची परीक्षा घरच्या घरी करता येते, तीही एक पैसा खर्च न करता. आपल्या रेझ्युमेतील सर्व मजकूर निवडून ‘नोटपॅड’मध्ये चिकटवा आणि वाचा. तेथे जो क्रम दिसेल, साधारण तोच त्या यंत्राला दिसतो. तेथे गोंधळ असेल तर रूप बदला. वर्ड किंवा गुगल डॉक्समधला साधा, एका स्तंभाचा नमुना पुरेसा आहे. ओळखीचे मथळे ठेवा : अनुभव, शिक्षण, कौशल्ये. ‘माझा प्रवास’ असा काव्यमय मथळा यंत्रालाही कळत नाही आणि मलाही आवडत नाही.

परंतु येथे एक इशारा दिला पाहिजे. ‘पंचाहत्तर टक्के रेझ्युमे मनुष्याच्या नजरेस पडण्यापूर्वीच यंत्र फेकून देते’ असा आकडा आपल्याला सर्वत्र वाचायला मिळेल. वैद्यकात आम्हाला एक सवय लावलेली असते : आकडा दिसला की विचारावे, अभ्यास कोणी केला, नमुना किती होता? या आकड्यामागे तसा प्रसिद्ध अभ्यास दाखविला जात नाही. आणि तो सांगणारे बहुधा रेझ्युमे सुधारण्याची सेवा विकत असतात. ‘वाचक रेझ्युमेवर सहा-सात सेकंदच नजर टाकतो’ हे वाक्यही एका नोकरीविषयक कंपनीच्याच छोट्या पाहणीवरून आले आहे. माझा स्वतःचा अनुभव असा की पहिल्या चाळणीत अर्धा-एक मिनिट जातो. म्हणून घाबरू नये, पण पहिल्या पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात आपले सर्वांत बळकट काम असले पाहिजे, एवढे मात्र खरे.

जाहिरातीतील शब्द आणि आपले शब्द जुळतात का, हे दाखविणारी ‘जॉबस्कॅन’सारखी साधने आहेत. फुकट वापर मर्यादित असतो. दोन-तीनदा वापरले की युक्ती कळते आणि मग जाहिरात छापून लाल-निळ्या पेन्सिलीने तेच काम करता येते. मात्र टक्केवारी वाढविण्याच्या नादात जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे ओतू नयेत. हार्वर्ड, एम.आय.टी. आदी विद्यापीठांच्या करिअर विभागांचे नमुने आणि क्रियापदांच्या याद्या सर्वांना खुल्या आहेत. पर्ड्यू विद्यापीठाची ‘आउल’ ही लेखनशाळाही तशीच. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्याही करिअर केंद्राचे मार्गदर्शन वाचता येते. संघराज्य सरकारच्या नोकरीसाठी ‘यूएसएजॉब्स’वर स्वतंत्र व्यवस्था आहे, तेथे पूर्वी पाच-सहा पानांचे रेझ्युमे चालत, सप्टेंबर २०२५ पासून दोन पानांची मर्यादा आली आहे. येथेच जन्मलेल्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आता ज्या प्रश्नासाठी कोणतेही साधन तयार नाही, त्याकडे येतो : आपले नाव आणि आपल्या विद्यापीठाचे नाव.

महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पारपत्रावर क्रम निराळा. विवाहानंतर भगिनींचे नाव तिसरेच. येथे नोकरी देण्यापूर्वी पार्श्वभूमीची पडताळणी होते आणि यंत्राला दोन स्पेलिंग म्हणजे दोन माणसे वाटतात. माझे मत असे की रेझ्युमेवर पारपत्राप्रमाणे एकच नाव, एकाच स्पेलिंगने लिहावे, लिंक्डइनवर तेच, आणि पदवी जुन्या नावाने असेल तर शिक्षणाच्या ओळीत तसे नमूद करावे.

विद्यापीठाचे अधिक गुंतागुंतीचे आहे. मी औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी. माझी एम.बी.बी.एस.ची पदवी १९९४ पूर्वीची, म्हणून तिच्यावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ असे छापले आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. त्या नावासाठी किती वर्षे संघर्ष झाला, किती घरे जळली, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. माझ्या कागदावर ते नाव नाही, याची मला फार दिवस खंत होती. पुढे एका पडताळणीच्या वेळी उलट अडचण आली : येथील संस्थेच्या यादीत केवळ नवे नाव होते आणि माझे प्रमाणपत्र अस्तित्वात नसलेल्या विद्यापीठाचे ठरू लागले! चार महिने पत्रव्यवहार झाला. तेव्हापासून मी लिहितो : ‘मराठवाडा विद्यापीठ, आताचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. हे एक वाक्य तांत्रिक गरज म्हणून लिहावे लागले, पण ते लिहिताना मला दर वेळी बरे वाटते.

आपल्यापैकी पुष्कळांना हे लागू आहे. नागपूर विद्यापीठ २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे झाले, पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांच्या. औरंगाबाद शहराचेच नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. प्रमाणपत्रावरचे नाव आधी आणि आजचे नाव पुढे, हा क्रम सोडू नये. पदवीची येथील तुल्यता काढण्यासाठी ‘वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस’सारख्या मूल्यमापन संस्था आहेत, त्यांच्या संकेतस्थळावर देशानुसार कोणती कागदपत्रे लागतात ते पाहता येते. आपली टक्केवारी स्वतःच्या मनाने चार गुणांच्या श्रेणीत बदलून लिहू नये. आमच्याकडे ६२ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी; येथे ६२ म्हणजे जवळजवळ अनुत्तीर्ण. म्हणून केवळ ‘प्रथम श्रेणी’ असे लिहावे.

यानंतर ज्या साधनाची सर्वांना उत्सुकता आहे ते : कृत्रिम बुद्धिमत्ता. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्यापाठोपाठ जेमिनी, कोपायलट आणि इतर. मी स्वतः प्रयोग केला. माझ्या जुन्या सी.व्ही.त एक ओळ आहे : धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीवर वैद्यकीय शिबिरात सेवा. वस्तुस्थिती अशी की मी तेव्हा इंटर्न होतो, मांडवात बसून रक्तदाब मोजत होतो आणि चालून आलेल्या आयाबायांना मीठ-साखरेचे पाणी देत होतो. मी ती ओळ यंत्राला दिली आणि ‘सुधारून दे’ म्हटले. उत्तर आले की मी एका बहुविद्याशाखीय पथकाचे नेतृत्व केले, हजारो रुग्णांवर उपचार केले आणि प्रतीक्षेचा काळ तीस टक्क्यांनी कमी केला! मी घरात एकटाच मोठ्याने हसलो. पण नंतर विचार केला, की एखादा घाईत असलेला मुलगा ही ओळ तशीच ठेवून देईल.

न केलेली तपासणी केस-पेपरवर लिहिणे हा आमच्या व्यवसायात गुन्हा मानतात. रेझ्युमेवरचा कल्पित आकडा त्याच जातीचा आहे. गेल्या दोन-तीन हंगामांत माझ्यासमोर येणाऱ्या अर्जांत एक विलक्षण सारखेपणा आला आहे. सगळेच ‘नेतृत्व’ करतात, कोणी पाणी देत नाही. त्यामुळे साधेपणाने लिहिलेला एखादा अर्ज आला की आम्ही दोघे-तिघे तो एकमेकांना वाचून दाखवितो.

तरीही हे साधन टाकून देण्यासारखे नाही, विशेषतः ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले त्यांच्यासाठी. माझी सूचना अशी. आधी आपले काम मराठीत, आपल्या आईला सांगावे तसे लिहा. मग ते यंत्राला देऊन सांगा : नवी माहिती घालू नकोस, आकडे घालू नकोस, फक्त साध्या इंग्रजीत लिही, आणि जेथे माहिती अपुरी असेल तेथे मला प्रश्न विचार. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे. यंत्राने विचारलेल्या दहा प्रश्नांपैकी सहा चांगले असतात. ग्रामर्लीसारखे साधन व्याकरणासाठी ठीक. आपला पत्ता, दूरध्वनी, जन्मतारीख, व्हिसाचा तपशील आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक अशा ठिकाणी कधीही देऊ नये. ‘फुकट रेझ्युमे’ म्हणून बोलावणारी काही संकेतस्थळे सर्व मजकूर भरून घेतात आणि फाइल उतरवून घेताना कार्डाचा क्रमांक मागतात. मग दरमहा पैसे जात राहतात. माझ्या मुलीचे असे गेले. ती वकील आहे, हे विशेष!

आता एक नाजूक विषय. युवक शाखेने मला लेखी प्रश्न पाठविले होते. त्यांतील तीन प्रश्न एकच होते : ‘‘आपल्या संस्थेचे काम रेझ्युमेवर लिहावे काय?’’ प्रश्नामागची भीती मला ठाऊक आहे.

आपले आडनाव येथल्या अमेरिकन व्यक्तीला काहीही सांगत नाही. आपल्याच देशातून आलेल्या व्यक्तीला ते पुष्कळ सांगून जाते. नावावरून होणारा भेदभाव ही कल्पना नव्हे. बोस्टन आणि शिकागो येथे बर्ट्रंड आणि मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे पाच हजार काल्पनिक रेझ्युमे पाठवून पाहिले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे पन्नास टक्के अधिक बोलावणी आली. आणि भारतात आपले अमरावती जिल्ह्यातले प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, केवळ नावे बदललेले अर्ज पाठविले. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्याचा निष्कर्ष आला, की दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता लक्षणीयरीत्या कमी होती. येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियाचे विधेयक मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्या रेसिडेन्सीच्या एका मुलाखतीत समोर आपल्याच देशातून आलेले एक ज्येष्ठ डॉक्टर होते. माझ्या कामाविषयी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. गाव कोणते, पूर्ण आडनाव काय, आणि ‘‘प्रवेश कोणत्या यादीतून?’’ एवढेच विचारले. परतीच्या बसमध्ये मी ठरविले, की माझ्या कागदावर यापुढे एकही अशी ओळ राहणार नाही, जिच्यावरून कोणाला काही कळेल. दीक्षाभूमीचे शिबिर काढून टाकले. मिलिंद महाविद्यालय काढून टाकले. या संस्थेचा मी पुढे कोषाध्यक्ष झालो, तेही कधी लिहिले नाही. पंधरा वर्षे माझा सी.व्ही. असा होता. त्यात सर्व काही खरे होते, आणि तो माझा नव्हता.

मग एका हंगामात माझ्यासमोर एका मुलीचा अर्ज आला. विदर्भातल्या एका छोट्या गावची. तिने सरळ लिहिले होते, की आंबेडकर जयंतीला तिने सलग चार वर्षे रक्तदान शिबिर भरविले, किती पिशव्या रक्त जमले, रक्तपेढीशी पत्रव्यवहार कसा केला. समितीतील माझे अमेरिकन सहकारी म्हणाले, ‘‘हिला संघटन करता येते.’’ त्यांना जयंती म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्यांनी काम पाहिले. मी मान खाली घालून बसलो होतो. त्या रात्री मी माझा सी.व्ही. उघडला आणि काढलेल्या ओळी परत लिहिल्या.

परंतु म्हणून मी आज आपणांस ‘लिहाच’ असे सांगणार नाही. माझी नोकरी पक्की आहे, नागरिकत्व आहे; ज्याचा व्हिसा मालकाच्या सहीवर अवलंबून आहे, त्याला धाडसाचा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. लिहायचे ठरविले तर संस्थेच्या नावापेक्षा कामाला पुढे ठेवावे : किती लोकांचा कार्यक्रम, किती निधीचा हिशेब, किती विद्यार्थ्यांना मार्गदर्शन. न लिहायचे ठरविले, तर ‘सामाजिक संस्थेचा कोषाध्यक्ष’ एवढे लिहूनही काम खरे राहते. धर्म आणि जात या गोष्टी मात्र या देशातील रेझ्युमेवर कोणीच लिहीत नाही, छायाचित्रही नको.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी दोनदा पाठविली आहे, तेव्हा शेवटची सूचना करून थांबतो. आपल्या काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड अनेकांनी काढलेले नाही. पुष्कळ ग्रंथालये सभासदांना लिंक्डइन लर्निंग विनामूल्य देतात; काही ठिकाणी ‘जॉबनाउ’ नावाची सेवा आहे, तिच्यात प्रशिक्षित व्यक्ती आपला रेझ्युमे वाचून अभिप्राय देते. भोजनोत्तर बाजूच्या खोलीत युवक शाखेने सहा संगणक मांडले आहेत. मघाशी ज्या भगिनींचा उल्लेख केला, त्या आता एका शाळेत काम करतात आणि ओ-नेटच्या टेबलावर त्याच बसणार आहेत. मी नोटपॅडच्या टेबलावर आहे. येताना पारपत्राप्रमाणे नावाचे स्पेलिंग एका चिठ्ठीवर लिहून आणावे, पदवी प्रमाणपत्राचे छायाचित्र फोनमध्ये असेल तर तेही हाताशी ठेवावे. आणि श्रीखंड खाऊन मगच यावे, यंदा मी काही बोलणार नाही.